इम्युनिटी ‘वाढवायची’ कशाला?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये काउंटरवर नवीन बोर्ड लागला. ‘इम्युनिटी बूस्टर शॉट, ६० रुपये’. आलं, हळद, लिंबू, मिरी, गुळवेल असं बरंच काही एका चिमुकल्या ग्लासात. रांगेत माझ्या पुढे आमच्याच टीममधला एक जण उभा होता. प्रॉडक्शनच्या खोट्या अलर्ट्सना दिवसभर शिव्या घालणारा आणि रात्री तीनला फोन वाजून वाजून झोपेचं पार खोबरं झालेला. आणि तोच गडी ६० रुपये मोजून स्वतःच्या शरीरातले अलार्म वाढवून घ्यायला निघाला होता! मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "अरे, इम्युनिटी जितकी जास्त तितकी चांगलीच ना?"

नाही. अजिबात नाही. कँटीनच्या रांगेत याहून जास्त बोलता येत नाही, मागचे लोक ढकलतात. म्हणून उरलेलं उत्तर इथे.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘इम्युनिटी वाढवा’ ही घोषणा नुसती फुगवलेली नाही, ती मुळातच चुकीची आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे रेडिओचा आवाज नव्हे, की बटण उजवीकडे पिळलं की काम झालं. शरीराची निम्मी हुशारी ही यंत्रणा चालू करण्यात असेल, तर उरलेली निम्मी ती गप्प ठेवण्यात आहे. हे पटवायला माझ्याकडे एकच साक्षीदार आहे, पण पक्का आहे. आपल्याच पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आणि त्यांचा डीएनए.

भाडेकरू जुना, पाटी त्याहून जुनी

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय, ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे’. एक मार्काचं उत्तर. लिहिलं, मार्क मिळाला, विसरलो. पण हे ऊर्जाकेंद्र मुळात घरचं नाहीच, हे मला तरी इंजिनिअरिंग संपून चार वर्षं होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

साधारण दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीच्या पोटात एक जिवाणू शिरला (किंवा गिळला गेला, काय म्हणायचं ते म्हणा) आणि तिथेच राहिला. त्याचे वंशज म्हणजे तंतुकणिका. कल्पना तशी जुनी, पण ती नव्याने ठामपणे मांडली लिन मार्गुलिस या बाईंनी, १९६७ साली. त्यांचा तो निबंध छापून येण्याआधी कित्येक नियतकालिकांनी साभार परत केला होता. पुढे पुरावेच इतके साठले, की आज हे पाठ्यपुस्तकात आहे.

आता या भाडेकरूने इतक्या काळात बहुतेक सगळं सामान मालकाच्या खोलीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, हलवलंय. तंतुकणिकेला हजाराहून जास्त प्रकारची प्रथिनं लागतात, त्यातली फक्त १३ तिच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. बाकी सगळं मालकाकडून. हा तिचा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांचं एक छोटंसं वर्तुळ आणि त्यात ३७ जनुकं. १९८१ मध्ये केंब्रिजच्या गटाने तो पूर्ण वाचून काढला. एका पेशीत याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात.

सामान हललं, पण दारावरची पाटी तीच राहिली! म्हणजे काय, तर केंद्रकातल्या डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात. जिवाणूंच्या डीएनएवर त्या ठिकाणी त्या बहुतेक नसतात आणि तंतुकणिकेच्या डीएनएवरही फारशा नसतात. जिवाणू प्रथिन बनवताना सुरुवात फॉर्मिल-मिथिओनिन या खास तुकड्याने करतात, आणि तंतुकणिकाही आपल्या १३ प्रथिनांची सुरुवात त्यानेच करते. थोडक्यात, आधार कार्ड आपलं, पण हस्ताक्षर जिवाणूचं.

सिग्नेचर मॅच झाली, पण कुणाची?

आता पहारेकऱ्यांकडे बघू. प्रतिकारशक्तीचे दोन मजले असतात. वरचा मजला अनुभवातून शिकतो. अँटिबॉडी, लस वगैरे गोष्टी तिकडच्या. खालचा मजला उपजत. तो शिकत बसत नाही, त्याच्याकडे ठराविक खुणांची यादी जन्मापासूनच असते. खूण दिसली की घंटा वाजवायची. जुने अँटिव्हायरस कसे फाइलमध्ये ‘सिग्नेचर’ शोधायचे, तसंच.

या यादीतला एक पहारेकरी म्हणजे टीएलआर-९. मिथाइलच्या खुणा नसलेला डीएनए ओळखणं हे याचं काम. जपानमध्ये ओसाकाला शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये हे दाखवून दिलं. फॉर्मिलवाले तुकडे हुंगून तिकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या. या दोघांनाही जिवाणू पकडायला ठेवलंय. आणि दोघांनाही आपल्या घरातला तो जुना भाडेकरू जिवाणूच वाटतो!

एरवी हे भांडण होत नाही, कारण तंतुकणिकेचा डीएनए तिच्या दोन पापुद्र्यांच्या आत बंद असतो. भिंत आहे तोवर शांतता. भिंत फुटली की...

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये तंतुकणिकांचा डीएनए उंदरांच्या सांध्यात टोचून बघितला. सांधे सुजले. केंद्रकातला डीएनए टोचला, तर काही झालं नाही. दोन्ही डीएनए ‘स्वकीयच’, पण एकावर चुकीची पाटी.

मग मार्च २०१० मध्ये बोस्टनच्या कार्ल हाउझर यांच्या गटाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांच्यासमोरचा प्रश्न डॉक्टरांना रोज छळणारा होता. मोठ्या अपघातात सापडलेला माणूस, शरीर चेचलंय, पण जंतुसंसर्ग सापडत नाही. तरीही काही तासांत सेप्सिससारखी लक्षणं. ताप, रक्तदाब ढासळणं, फुप्फुसं निकामी. जंतू नाहीत, तर शरीर लढतंय कुणाशी? त्यांना अशा रुग्णांच्या रक्तात तंतुकणिकांचा डीएनए निरोगी माणसांपेक्षा हजारो पटींनी जास्त सापडला. चेचलेल्या स्नायूंतून भाडेकरू रस्त्यावर आले होते. पांढऱ्या पेशींनी पाटी वाचली आणि हल्ला केला. हाच माल उंदरांच्या मोठ्या भावांना, म्हणजे रॅट्सना, शिरेतून दिला तेव्हा त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली.

गंमत बघा, पुढच्याच महिन्यात, २१ एप्रिल २०१० रोजी, मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या स्वतःच्याच महत्त्वाच्या फाइलला व्हायरस ठरवलं आणि उचलून बाजूला टाकलं. जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले, नेटवर्क गेलं. व्हायरस नव्हताच. सगळं नुकसान सुरक्षारक्षकाने केलं होतं. आता मला सांगा, त्या दिवशी एखाद्या ऑफिसमध्ये कोणी ‘अँटिव्हायरस बूस्टर’ विकायला आला असता, तर सिस्टिम अ‍ॅडमिनने त्याला चहा पाजला असता का? :)

पत्ता चुकला तरी गुन्हा

ही झाली पेशीबाहेरची गोष्ट. पेशीच्या आत आणखी एक पहारेकरी आहे आणि तो जास्त कडक आहे. त्याचं नाव सीगॅस. डॅलसमध्ये झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला, निबंध छापून आले २०१३ च्या सुमारास, आणि त्यासाठी २०२४ मध्ये चेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सीगॅस डीएनएतली अक्षरं वाचतच नाही. मिथाइल आहे का नाही, कुणाचा आहे, काही विचारत नाही. त्याचा नियम एकच: पेशीद्रव्यात दुपदरी डीएनए दिसला की बोंब मारायची. डीएनएची जागा केंद्रकात किंवा तंतुकणिकेत. मधल्या पॅसेजमध्ये दिसला म्हणजे विषाणू घुसला असणार!

सीगॅस मग एक छोटा रेणू बनवतो, तो रेणू स्टिंग नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि स्टिंग पुढे इंटरफेरॉन तयार करायची ऑर्डर सोडतो. इंटरफेरॉन म्हणजे शेजारपाजारच्या सगळ्या पेशींना ‘दारं लावून घ्या’ असा निरोप. नियम साधा आहे आणि विषाणूंविरुद्ध फार उपयोगी आहे. पण तंतुकणिकेला भोक पडून तिचा डीएनए पॅसेजमध्ये सांडला, तरी हीच बोंब होते. २०१५ मध्ये जेरल्ड शेडेल यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने नेमकं हेच दाखवलं. तंतुकणिकेचा डीएनए नीट गुंडाळून ठेवणारं प्रथिन निम्मं केलं, तर डीएनए बाहेर गळतो, सीगॅस जागा होतो आणि पेशी विषाणूंना जास्त चांगलं तोंड देते.

इथे माझ्या कँटीनवाल्या मित्राचे डोळे चमकतील. "बघ! म्हणजे इम्युनिटी बूस्ट होते तर!"

होते ना. होत नाही असं मी म्हणतच नाहीये. मी विचारतोय, बिल कोण भरतो?

खरंच बूस्ट केलं तर काय होतं

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरवून मरतात. मरताना तंतुकणिकांना मोठी भोकं पडतात आणि डीएनए बाहेर येतो. म्हणजे खरं तर रोज अब्जावधी अलार्म वाजायला हवेत. वाजत नाहीत, कारण त्याच क्षणी कॅस्पेज नावाची विकरं कामाला लागतात आणि घंटेची वायरच कापतात. पेशी गुपचूप मरते, शेजाऱ्यांना कळतही नाही.

२०१४ मध्ये मेलबर्न आणि येल इथल्या दोन गटांनी ‘सेल’ या नियतकालिकात एकाच वेळी हे सिद्ध केलं. त्यांनी कॅस्पेज काढून टाकलेले उंदीर घेतले. मरणाऱ्या पेशी बोंब मारू लागल्या, इंटरफेरॉन वाढलं. येलच्या उंदरांनी विषाणूंना अधिक चांगला प्रतिकार केला. जाहिरातवाल्यांना हवा असतो तस्सा, अस्सल बूस्टर! आणि मेलबर्नच्या उंदरांत काय दिसलं? त्या सततच्या इंटरफेरॉनमुळे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचंच काम बिघडलं. चोवीस तास बंद पाळला तर चोर येणार नाहीत हे खरं, पण दूधवालाही येणार नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. मग माणसाचं घ्या. २०१४ मध्येच ‘सॅव्ही’ नावाचा एक दुर्मिळ आजार वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला. या मुलांच्या स्टिंगच्या जनुकातच बदल असतो, त्यामुळे स्टिंग कुठलाही डीएनए न दिसताही चालूच राहतं. जन्मापासून इम्युनिटीचं बटण उजवीकडे पिळलेलं. ही मुलं काय कधी आजारी न पडणारे पैलवान होतात का? तान्हेपणीच त्यांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या सुजून जखमा होतात, फुप्फुसं खराब होत जातात. डॉक्टर त्यांना हा संदेश दाबणारी औषधं देतात. ‘बूस्टर’ हा शब्द हसत हसत वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा या मुलांबद्दल वाचावं. मी वाचलं त्या रात्री मला तो ६० रुपयांचा बोर्ड विनोदी वाटेनासा झाला.

आणि हे फक्त दुर्मिळ आजारांपुरतं नाही. ओसाकातल्या किन्या ओत्सू यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की उंदरांच्या हृदयावर ताण असताना तंतुकणिकांच्या डीएनएची विल्हेवाट नीट लागली नाही, तर हृदयात दाह होऊन ते निकामी होतं. लोझानच्या आंद्रेया अब्लासर यांच्या गटाने २०२३ मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत हाच सीगॅस-स्टिंगचा दाह पाहिला. स्टिंगला अटकाव केल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. सगळे रोग याच एका कारणाने होतात असं मी म्हणत नाही, आणि उंदरातलं सगळं माणसात जसंच्या तसं उतरत नाही. पण रोख एकाच बाजूला आहे. वय वाढतं तशा भिंती गळू लागतात आणि अलार्म वाजत राहतो. अशा माणसाला आणखी अलार्म विकायचा?

आपण हे डोळ्यांनी पाहिलंय

२०२० आठवा. घराघरात काढे उकळत होते. प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘इम्युनिटी वाढवा’. आणि त्याच जून महिन्यात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करणारं औषध सापडलं होतं. ते होतं डेक्सामेथासोन. स्वस्त, जुनं आणि प्रतिकारशक्ती *दाबणारं*! बाहेर आपण बटण उजवीकडे पिळत होतो आणि आत आयसीयूमध्ये डॉक्टर तेच बटण डावीकडे फिरवून जीव वाचवत होते. आपल्यापैकी किती जणांना ही विसंगती तेव्हा खटकली? मला नाही खटकली. मीही काढा प्यायलोय.

पुढे २०२२ मध्ये अब्लासर यांच्याच गटाने दाखवलं, की कोविडमध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात, त्यांच्या तंतुकणिकांतून डीएनए सांडतो आणि सीगॅस-स्टिंग पेटतं. म्हणजे विषाणूने आग लावली, पण पुढे त्या आगीत आपलंही रॉकेल होतं.

आता कोणी म्हणेल, मग इम्युनिटी दाबावी की काय? तेही नाही! त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना डेक्सामेथासोनचा फायदा दिसला नाही. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर एकत्र आले तेव्हा महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, बघितली. लोकांचे डोळे गेले, जबडे गेले. बटण डावीकडे पिळून ठेवणंही तितकंच मूर्खपणाचं. मुद्दाच हा आहे, की हे एक बटण नाही.

राहिली गुळवेल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले ६ रुग्ण दिसले, सगळे गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, रोख तोच. काही रुग्णांत आधीपासूनच ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीची, लक्षणं होती. लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यात हा आकडा छोटाच आहे, हे मान्य. पण ‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना’ या वाक्याला एवढं उत्तर पुरे.

‘पण...’ म्हणणाऱ्यांसाठी

"लसही बूस्टरच ना?" नाही. लस वरच्या मजल्याला एका विशिष्ट गुन्हेगाराचा फोटो देते. घंटेचा आवाज सगळीकडे कायमचा वाढवत नाही. फोटो देणं आणि दिसेल त्याला गोळी घालायची परवानगी देणं यात फरक आहे. लस जरूर घ्या, बूस्टर डोस असेल तर तोही घ्या.

"काही लोकांची इम्युनिटी खरंच कमी असते." असते. एचआयव्ही, केमोथेरपी, काही जन्मजात आजार. त्यांना नावं आहेत, तपासण्या आहेत, उपचार आहेत. त्यातल्या कुणालाही कँटीनच्या काउंटरवर उपचार मिळत नाहीत.

"आमची आजी द्यायची काढा." माझीही द्यायची. घसा शेकायचा, बरं वाटायचं. पण आजीने कधी ‘इम्युनिटी’ विकली नाही, की ६० रुपये घेतले नाहीत. ती म्हणायची, गरम गरम पी आणि झोप. माझं भांडण आल्याशी नाही, बोर्डाशी आहे.

आणि हो, हा लेख वाचून उद्या कोणी ‘मायटोकॉन्ड्रिया डिटॉक्स’ विकायला आलं, तर त्यालाही हाकलून द्या. धंदेवाईकांना एक शास्त्रीय शब्द मिळायचा अवकाश!

तर पुढच्या वेळी कोणी इम्युनिटी वाढवायची गोष्ट काढली, की तीनच प्रश्न विचारा. इम्युनिटीचा नेमका कुठला भाग? शरीरात कुठे? आणि किती वेळ वाढवून मग बंद कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प बसतो, हा माझा अनुभव आहे.

दीड-दोन अब्ज वर्षं आपल्या पेशी एका जुन्या जिवाणूला पोटात घेऊन सुखाने नांदतायत. त्याची पाटी चुकीची आहे हे माहीत असून, भिंती सांभाळत, वायरी कापत, गप्प बसत. ही गप्प बसायची अक्कल म्हणजेच निरोगीपणाचा मोठा भाग आहे. ती कुठल्या ग्लासात मिळत नाही.

असो. सोमवारी कँटीनमध्ये त्या मित्राला गाठून हे सगळं सांगणार आहे. त्याने शॉट मागवलाच, तर मी शेजारी उभा राहून साधा चहा मागवीन. त्यावर निदान कसला बोर्ड नाही.